कॅमेरा तोच, देश दुसरा

पुण्या-कोल्हापुराकडची एखादी कंपनी जर्मनीतल्या हॅनोव्हर मेसे या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेते. स्टॉलचं, भेटायला येणाऱ्या ग्राहकांचं, नव्या यंत्राच्या अनावरणाचं शूटिंग करायला तिथलाच एखादा व्यावसायिक व्हिडिओग्राफर शोधते. मेल जाते, कोटेशन येतं. दिवसाचा दर, कॅमेरे, लाइट, एडिटिंग हे सगळं अपेक्षेप्रमाणे असतं. त्याखाली मात्र एक प्रश्न असतो आणि आपल्याकडचा माणूस तिथे थबकतो: चित्रणात ज्यांचे चेहरे ओळखू येतील त्यांची संमती कोण घेणार, तुम्ही की आम्ही?

या एका ओळीमागे एक मृतदेह आहे.

३० जुलै १८९८ च्या रात्री जर्मनीचा माजी चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क हॅम्बुर्गजवळच्या फ्रीडरिक्सरू इथल्या आपल्या घरी वारला. उजाडायच्या आत दोन फोटोग्राफर, माक्स प्रीस्टर आणि विली विल्के, आतल्या माणसाला पैसे चारून त्या खोलीत शिरले. मॅग्नेशियमचा झोत पेटवून त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला आणि तो विकायला काढला. कुटुंब कोर्टात गेलं, फोटो जप्त झाले, दोघांना तुरुंगवासही झाला. पण न्यायाधीशांपुढे एक विलक्षण अडचण होती. माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा आहे असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. त्यामुळे १८९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला घरात बेकायदा घुसण्याच्या मुद्द्यावरून वळसा घेत निकाल द्यावा लागला. त्यावरून उठलेल्या चर्चेतून १९०७ मध्ये एक कायदा आला. त्यातलं कलम २२ म्हणतं, एखाद्याची प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही. आणि पुढे म्हणतं, माणूस गेल्यावरही दहा वर्षं नातेवाइकांची संमती लागेल. ते दहा वर्षांचं वाक्य वाचताना फ्रीडरिक्सरूची ती खोली डोळ्यांपुढे येते.

हे कलम आजही जिवंत आहे आणि २०१८ पासून त्याच्या जोडीला युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. कायदा कडक असला तरी आंधळा नाही. सभा, मिरवणुका यांत सहभागी झालेल्या लोकांची चित्रं दाखवायला कलम २३ मुभा देतं. दृश्याच्या कडेला सहज आलेल्या माणसांबद्दलही सवलत आहे. ज्याने प्रतिमेसाठी पैसे घेतले त्याची संमती, शंका असल्यास, आहे असंच धरलं जातं. म्हणजे तुमच्या स्टॉलवरची गर्दी दुरून टिपली तर एक हिशेब, त्याच गर्दीतल्या एका बाईंच्या चेहऱ्यावर कॅमेरा पाच सेकंद थांबला तर दुसरा. आवाजाच्या बाबतीत तर जर्मन कायदा चित्राहूनही कठोर आहे: दोन माणसांचं खासगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. स्टॉलवर सौद्याची बोलणी चालली असताना कॅमेऱ्यावरचा माइक चालू राहिला, तर तो किती मोठा प्रश्न आहे हे तिथल्या व्हिडिओग्राफरला पक्कं माहीत असतं. म्हणून तो दारात ‘इथे चित्रण सुरू आहे’ अशी पाटी लावायला सांगतो, कॅमेऱ्यापुढे बोलणाऱ्यांच्या सह्या घेतो आणि सौद्याची दृश्यं घेताना आवाज बंद ठेवतो.

परदेशात व्हिडिओग्राफर ठरवणं हा विषय मला भुरळ घालतो तो इथेच. कॅमेरा जगभर तोच आहे. पुण्यात भाड्याने मिळतो तोच सोनी किंवा कॅनन हॅनोव्हरमध्ये मिळतो, बटणंही त्याच जागी असतात. वेगळं असतं ते कॅमेऱ्याभोवतीचं सगळं: भिंतीतली वीज, हवेतल्या लहरी, चेहऱ्याचा हक्क, फिल्म कुणाची हा प्रश्न. दर मोजून आपण घेतो ते हे ज्ञान, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कधी काळी कुणीतरी घेतलेला एखादा निर्णय उभा असतो.

आपलाच माणूस का नेऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे. नेता येतो. त्याच्या सामानासाठी एटीए कार्ने नावाची कागदपत्रं लागतात, जणू सामानाचा पासपोर्टच. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ही सोय आहे आणि भारतात ती फिक्कीकडून मिळते. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, प्रत्येक वस्तू तिच्या सीरियल नंबरासह यादीत लिहायची. मुंबईत बाहेर पडताना शिक्का, तिकडे उतरताना शिक्का, परतताना पुन्हा दोन शिक्के. वर्षभराच्या आत सगळं सामान परत आलं की कुठेही आयातशुल्क भरावं लागत नाही. एखादी लेन्स तिकडे राहिली तर तिच्यावरचं शुल्क मागितलं जातं. माणसाच्या व्हिसाचा प्रश्न आणखी वेगळा. शूटिंगच्या कामासाठी नेमका कोणता व्हिसा लागतो हे वकिलातीलाच लेखी विचारून घ्यावं.

बॅटरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या मागे लावायच्या मोठ्या बॅटऱ्या पाहिल्यात तर कितीतरी बॅटऱ्यांवर ९८ किंवा ९९ वॅट-अवर असा आकडा दिसेल. शंभर का नाही? लिथियम बॅटरी विमानात पेटू शकते, म्हणून सुटी बॅटरी फक्त प्रवाशाबरोबर केबिनमध्ये नेता येते आणि १०० वॅट-अवरपर्यंतच ती विनापरवानगी चालते. १०० ते १६० च्या दरम्यानची असेल तर विमान कंपनीची संमती हवी, आणि अशा सुट्या दोनच. कारखान्यात बॅटरीचा आकार ठरतो तो या नियमाकडे बघून. आकाशाच्या नियमाने घडवलेली वस्तू कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटलेली असते.

आणि मग वीज. या सगळ्या विषयातला मला सर्वांत अद्भुत वाटणारा भाग हाच.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह एकदा या दिशेला चढतो, एकदा त्या दिशेला. दिव्याला दिशेशी देणंघेणं नसतं, जोराशी असतं. त्यामुळे मोठमोठ्या सभागृहांतले आणि कारखान्यांतले कितीतरी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला हे कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहिलं, तर त्यात बरोबर दोन ठोके मावतात. प्रत्येक चित्राला सारखाच उजेड मिळतो. तेच शटर साठावा भाग उघडं ठेवलं तर पावणेदोनहूनही थोडे कमी ठोके मावतात. एका चित्राला जास्त उजेड, पुढच्याला कमी, आणि पडद्यावर काळसर पट्टे वरखाली सरकू लागतात. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर ते अनेकदा दिसतही नाहीत. रात्री हॉटेलवर मोठ्या स्क्रीनवर फुटेज लावलं की दिसतात, आणि तोवर संचालकांचं भाषण होऊन गेलेलं असतं.

जर्मनीत वीज आपल्यासारखीच पन्नासची. टीव्हीच्या काळात दोन्ही देशांनी पाल पद्धत घेतली, म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रांचा मेळही जुळतो. त्यामुळे पुण्याचा कॅमेरा हॅनोव्हरमध्ये सहसा अडत नाही. तोच कॅमेरा अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला न्या, तिथे वीज साठची. दिवे सेकंदाला एकशेवीस वेळा धडधडतात. शटर बदलावं लागतं. सौदी अरेबियातही साठ, ब्राझीलमध्येही साठ. जपानची गंमत तर पाहा: तोकियोच्या वीज कंपनीने १८९५ मध्ये जर्मनीच्या एईजीकडून पन्नासचं जनित्र आणलं, ओसाकाने पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून साठचं. दोन खरेदी, एक वर्षाचं अंतर. त्याचा परिणाम म्हणून आजही एका देशात दोन विजा आहेत आणि फुजी नदीच्या आसपास त्यांची सीमा आहे. तोकियोतल्या परिषदेचं शूट संपवून बुलेट ट्रेनने ओसाकाला गेलेला कॅमेरामन देश न बदलता शटर बदलतो. जपानी व्हिडिओग्राफरला हे सांगावं लागत नाही.

सिनेमावाल्यांना चोवीस चित्रांचा वेग प्रिय. पन्नासच्या देशात चोवीसने शूट करायचं तर काय करायचं? फिरत्या गोल शटरच्या काळापासून त्याला उत्तर आहे: शटरचा उघडा भाग १७२.८ अंशांचा ठेवायचा. हिशेब करून पाहा, उघडा काळ बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग येतो. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिरणारी तबकडी नाही, तरी मेनूमध्ये १७२.८ हा आकडा तयार बसलेला असतो.

या पन्नासच्या ठेक्याला आणखी एक बाजू आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून तुर्कस्तानापर्यंत मुख्य भूमीवरचा बहुतेक युरोप एकाच विजेच्या जाळ्यात, एकाच ठेक्यावर चालतो. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादामुळे त्या जाळ्यात वीज थोडी कमी पडली, ठेका किंचित मंदावला, आणि मार्चपर्यंत विजेच्या ठेक्यावर चालणारी युरोपभरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. हॅनोव्हरच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरचं घड्याळ बाल्कनमधल्या भांडणामुळे चुकत होतं! आपल्याकडे असं एक जाळं ३१ डिसेंबर २०१३ रोजी पूर्ण झालं, रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली तेव्हा. त्या दिवसापासून कन्याकुमारीचा आणि गुवाहाटीचा दिवा एकाच तालावर लुकलुकतो.

ठेका जराजरा डळमळतो आणि प्रत्येक क्षणी त्याचं डळमळणं वेगळं असतं. विजेची बारीक गुणगुण अनेक रेकॉर्डिंगमध्ये उतरते. न्यायवैद्यक तज्ज्ञ ही गुणगुण वेगळी काढतात, जाळ्याच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि रेकॉर्डिंग कोणत्या दिवशी, किती वाजता झालं हे सांगू शकतात. तुमच्या स्टॉलच्या व्हिडिओतही, ऐकू न येणारी, त्या दिवसाच्या युरोपची खूण असू शकते.

हल्ली मात्र प्रदर्शनात दिव्यांपेक्षा जास्त त्रास एलईडी भिंत देते. तिचे ठिपके सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि हा वेग विजेच्या ठेक्यावर अवलंबून नसतो, भिंत बनवणाऱ्यावर असतो. म्हणून जाणता व्हिडिओग्राफर आदल्या दिवशी, स्टॉल उभा राहत असतानाच येतो. भिंत चालू करायला सांगतो आणि शटर ५० वरून ५०.३, ५०.८ असं कणाकणाने सरकवत पट्टे विरघळेपर्यंत थांबतो. कोटेशनमध्ये या भेटीचे अर्ध्या दिवसाचे पैसे लावले असतील तर ते कापू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आणि मंचावर जाणाऱ्या साहेबांना बारीक चौकडीचा शर्ट घालू नका असं त्याने सुचवलं, तर तेही ऐकावं. शर्टाची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडली की अंगावर इंद्रधनुषी लाटा नाचू लागतात.

आता हवा. कॉलर माइकचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत रेडिओलहरींवर जातो आणि त्या लहरी कुठल्या असाव्यात हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. एके काळी टीव्हीच्या चॅनेलांमधल्या मोकळ्या जागांत माइक सुखाने नांदत. मग मोबाइल आला आणि सरकारं त्या जागा लिलावात विकू लागली. जर्मनीने २०१५ मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा विकला. अमेरिकेत ६०० चा पट्टा २०१७ मध्ये विकला गेला आणि जुलै २०२० नंतर तिथल्या बहुतेक भागात माइक लावणं बेकायदा ठरलं. कालपर्यंत चालणारा माइक आज मोबाइल कंपनीच्या हद्दीत घुसखोर. ज्या पट्ट्यावर तुमचा माइक इकडे बिनघोर चालतो, तोच तिकडे बंद असू शकतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे माइक जवळजवळ सगळीकडे चालतात हे खरं, पण हजारो फोन आणि शेकडो वायफाय असलेल्या हॉलमध्ये त्याच लहरींवर इतकी दाटी होते की वाक्याचे तुकडे पडतात.

जर्मनीत माइकसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात मधोमध एक भोक आहे: ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ. तिथे माइक लावायचा नाही. का? तो पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकता याव्यात म्हणून पृथ्वीवरच्या माणसांनी तिथे गप्प बसायचं आहे. पुण्याच्या वाचकाने हा आकडा पुन्हा वाचावा. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडद इथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे, आणि तिच्या मूळच्या पट्ट्यांपैकी एक ६१० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. हॅनोव्हरच्या हॉलमध्ये चाकणच्या कंपनीच्या संचालकांच्या कॉलरला माइक लावताना तिथला तंत्रज्ञ जो आकडा वगळून पुढे जातो, त्याच आकड्याला कान लावून खोडदच्या तबकड्या विश्व ऐकत आल्या आहेत.

माइकइतकीच बेभरवशाची गोष्ट म्हणजे वेळ. बरीच वर्षं कितीतरी फोटो-कॅमेरे व्हिडिओ रेकॉर्ड करताना २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडत. अनेकांना वाटे, कॅमेरा तापतो म्हणून. तेही कधीकधी असे. पण मूळ कारण युरोपच्या जकातीत होतं. सलग तीस मिनिटं किंवा जास्त चित्रण करणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ धरला जाई आणि त्यावर शुल्क लागे. एक सेकंद कमी असला की तो फोटोचा कॅमेरा, शुल्क नाही. त्या सेकंदापायी जगभरच्या लग्नांत, संमेलनांत, वार्षिक सभांत ऐन भाषणात कॅमेरे थांबले. नव्या कॅमेऱ्यांतून ही मर्यादा बहुतांशी गेली आहे, तरी जुने अजून वापरात आहेत. म्हणून ‘तासभराचं भाषण सलग रेकॉर्ड होईल ना?’ हा प्रश्न भोळा वाटला तरी विचारावा. व्यावसायिक माणूस त्यावर हसत नाही. तो सांगतो की मुख्य भाषणाला दोन कॅमेरे असतील आणि एकाचं कार्ड बदलताना दुसरा चालू राहील.

कारण कार्यक्रमाला रीटेक नसतो. सिनेमाच्या जन्मापासून हे असंच आहे. जून १८९५ मध्ये फ्रान्समध्ये फोटोग्राफरांचं अधिवेशन होतं. प्रतिनिधी बोटीतून उतरत असताना लुई ल्युमिएरने त्यांना टिपलं आणि अधिवेशन संपायच्या आत त्यांनाच ते दाखवलं. आज इव्हेंटवाले ‘सेम डे एडिट’ म्हणून ज्याचे वेगळे पैसे लावतात, ते सिनेमाच्या पहिल्याच वर्षी होऊन गेलं आहे. ल्युमिएरची त्याच वर्षीची सर्वांत प्रसिद्ध फिल्म म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार. तो कारखाना त्यांचा स्वतःचा होता. सिनेमाच्या उगमापाशीच एक कॉर्पोरेट फिल्म आहे, आणि मला हे फार मोलाचं वाटतं: आपल्या कामाची जागा, आपली माणसं जगाला दाखवावीत ही ओढ कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. आपल्याकडे सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, लंडनहून कॅमेरा मागवला आणि डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. परांजपे काही कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा बोटीतून उतरणार नव्हते.

फिल्म झाली, पैसे दिले. आता ती कुणाची? याचं उत्तर देश बदलला की उलटं होतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, मोबदला देऊन एखाद्याने फिल्म करवून घेतली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक करवून घेणारा. म्हणजे तुम्ही. जर्मन कायद्यात निर्मात्याचा हक्क, वारसा सोडला तर, कुणाला देताच येत नाही. तो विकता येत नाही, दान करता येत नाही. देता येते ती वापराची परवानगी. म्हणून तिथल्या करारात बारकाईने लिहिलेलं असतं: फिल्म वेबसाइटवर लावणार की जाहिरातीत, कोणत्या देशांत, किती वर्षं, कुणाला त्यात बदल करता येईल. आपल्याकडच्या माणसाला हे अडवणुकीसारखं वाटतं. तसं ते नाही. त्या कायद्याच्या मुळाशी कलाकृती ही माणसाच्या व्यक्तित्वाचा भाग आहे अशी श्रद्धा आहे आणि लग्नाचा, सभेचा किंवा यंत्राचा व्हिडिओही तिने वगळलेला नाही. तुमचं काम इतकंच की सगळे वापर आधी विचारात घ्यायचे. सगळ्या माध्यमांत, सगळ्या देशांत, कायमचा वापर हवा असेल तर तसं लिहून मागता येतं. दर थोडा वाढेल. रॉ फुटेज हवं असेल तर तेही वेगळं लिहावं, कारण न लिहिता ते मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

संगीताचं तर आणखी नवल. जर्मनीत गेमा नावाची संगीतकारांची संस्था आहे. तिथली न्यायालयं असं गृहीत धरतात की वाजलेलं संगीत गेमाच्याच सभासदांचं आहे. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी वाजवणाऱ्यावर. फिल्मच्या मागे संगीत लावलंत तर त्याचा परवाना कागदावर हवा. अनावरणाच्या वेळी हॉलमध्ये वाजलेलं गाणं फुटेजमध्ये शिरलं, तर तेही मोजलं जातं.

ड्रोनबद्दल थोडक्यात: युरोपात २०२० च्या अखेरीपासून एकसारखे नियम आहेत, कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला बहुतेक वेळा नोंदणी लागते, उंची साधारण १२० मीटरपर्यंत. प्रदर्शनाच्या गर्दीवर उडवायचा विचार सोडून द्यावा. आणि पॅरिसला जाणार असाल तर आयफेल टॉवर दिवसा हवा तितका टिपा, आयफेल १९२३ मध्ये वारला आणि त्याचा हक्क कधीच संपला. रात्रीची रोषणाई मात्र नवी कलाकृती मानली जाते. तिच्या व्यावसायिक वापराला टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. सूर्य मावळला की त्याच लोखंडाचा कायदा बदलतो.

माणूस निवडायचा कसा? झगमगत्या दीड मिनिटाच्या शो-रीलवरून नव्हे. त्याने केलेल्या एका कार्यक्रमाची पूर्ण फिल्म मागावी आणि डोळे मिटून ऐकावी. चांगलं चित्र आज बऱ्याच जणांकडून मिळतं. गोंगाटाच्या हॉलमध्ये माणसाचं बोलणं स्वच्छ पकडणं ही खरी परीक्षा. त्याच हॉलमध्ये पूर्वी काम केलंय का, प्रदर्शनाचा चित्रणाचा परवाना कोण काढणार, शेजारचे स्टॉल फ्रेममध्ये आले तर काय, हे विचारावं. जर्मन ग्राहकाचे दोन शब्द कॅमेऱ्यावर हवे असतील तर प्रश्न जर्मनमध्ये विचारणारा हवाच. लोक आपल्या भाषेत बोलताना चेहऱ्यानेही बोलतात. दिवसाच्या दरात किती तास धरलेत, तेही स्पष्ट करावं. करांची बाब सीएकडे सोपवावी. परदेशातून घेतलेल्या सेवेवर जीएसटी बहुधा आपल्या कंपनीलाच भरावा लागतो, एवढं ध्यानात असलं तरी पुरे.

राहिलं ते फुटेज घरी आणणं. सेकंदाला १०० मेगाबिट या साध्या वेगाने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ गिगाबाइट होतात. दोन कॅमेरे, पाच तास, म्हणजे ४५० गिगाबाइट. हॉटेलच्या वायफायवर सेकंदाला १० मेगाबिट मिळाले तर हे चढायला चार दिवसांहून अधिक लागतील. म्हणून जाणते लोक रात्री मूळ फाइलींच्या छोट्या, हलक्या प्रती बनवून तेवढ्याच पाठवतात. एप्रिलमध्ये हॅनोव्हर आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे पहाटेचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेनऊ, आणि एडिटरच्या मशिनवर फुटेज आलेलं असतं. तो हलक्या प्रतींवर काटछाट सुरू करतो. मूळ फाइली मागून हार्ड डिस्कवर येतात, दोन डिस्क, दोन वेगळ्या माणसांच्या सामानात. त्या जोडल्या की सॉफ्टवेअर प्रत्येक हलकी फ्रेम काढून तिथे मूळ फ्रेम बसवतं. कारण प्रत्येक फ्रेमवर टाइमकोड नावाचा पत्ता असतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम.

अमेरिकेत हा पत्ताही सरळ नाही. १९५३ मध्ये तिथे रंगीत टीव्ही आला, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीत गुंतू नये म्हणून इंजिनिअरांनी चित्रांचा वेग हजारात एकाने उतरवला: ३० चे २९.९७ झाले. फरक तासाला १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा. टाइमकोड घड्याळाशी जुळता ठेवायला दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत. पंचांगातल्या क्षयतिथीसारखंच: आकडा गळतो, काळ गळत नाही. अधिवेशनाचं फुटेज न्यू जर्सीहून ठाण्याच्या एडिटरकडे येणार असेल, तर कोणता वेग आणि कोणता टाइमकोड वापरायचा हे शूटच्या आधी दोघांनी फोनवर बोलून ठरवावं. आणि दोन्हीकडच्या माणसांना एक गोष्ट बजावून ठेवावी: कार्डावरून उतरवलेल्या मूळ फाइलींची नावं कुणीही बदलायची नाहीत, सोयीसाठीसुद्धा नाही. हलकी प्रत मूळ फाइलीला शोधते ती याच नावाने आणि याच आकड्याने.